परदेशातल्या नेहमीच्या मुक्कामासाठी गाडी: विकत घ्यावी की भाड्याने?

परदेशात एकाच भागात दरवर्षी सुट्टीसाठी जाऊन राहणाऱ्यांना काही फेऱ्यांनंतर एक प्रश्न पडतोच. प्रत्येक वेळी विमानतळावर उतरून भाड्याच्या गाडीसाठी रांगेत उभे राहायचे, करारावर सह्या करायच्या, क्रेडिट कार्डावर मोठी अनामत रक्कम अडकवायची आणि परतताना गाडीवरच्या प्रत्येक ओरखड्याची काळजी करायची, त्यापेक्षा तिथेच एखादी वापरलेली गाडी विकत घेऊन ठेवली तर? तिथे स्वतःचे घर असेल, तर हा विचार आणखी जोर धरतो.

उत्तर शोधताना बहुतेक जण भाड्याची एकूण रक्कम आणि गाडीची किंमत यांची तुलना करतात. ही तुलना अपुरी आहे. विकत घेतलेली गाडी तुम्ही तिथे असताना फिरते, पण तिचा खर्च तुम्ही नसतानाही चालू राहतो. वर्षातले आठ-दहा महिने ती कुठे उभी राहणार, तिच्याकडे कोण पाहणार आणि त्या काळात तिथला कायदा तिच्याकडून काय मागणार, या गोष्टींवरच हा निर्णय बहुतांशी ठरतो. म्हणून पुढील पायऱ्या याच अंगाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: मुक्कामाचे नव्हे, गाडीचे दिवस मोजा

कागद घ्या आणि गेल्या दोन-तीन वर्षांतले मुक्काम आठवून प्रत्येक मुक्कामात गाडी खरोखर किती दिवस लागली, ते लिहून काढा. सहा आठवड्यांच्या मुक्कामात गाडी रोज लागते असे वाटते, पण नीट आठवले तर बाजारहाट, आठवड्यातून एखादी दूरची सहल आणि विमानतळाची ने-आण एवढ्याच कामांसाठी ती लागलेली असते. मुक्काम शहरात असेल आणि बस, ट्राम किंवा लोकल गाड्यांची सोय चांगली असेल, तर हा आकडा आणखी खाली येतो. डोंगराळ किंवा ग्रामीण भागात मात्र गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही आणि तिथे मुक्कामाचे दिवस व गाडीचे दिवस जवळपास सारखेच असतात.

हा आकडा काढताना पुढच्या काही वर्षांचाही विचार करावा. निवृत्तीनंतर मुक्काम लांबणार आहेत का, मुले मोठी झाल्यावर फेऱ्या कमी होणार आहेत का, आणि मुख्य म्हणजे त्या देशाचा व्हिसा तुम्हाला किती दिवस राहू देतो? युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या देशांच्या गटात, अल्पकालीन मुक्कामाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाकडे तिथला वास्तव्याचा परवाना नसेल, तर गाडीही त्याहून जास्त दिवस वापरली जाणार नाही, हे उघड आहे. ही मर्यादा सगळ्या शेंगेन देशांना मिळून एकच असल्यामुळे एका देशातले दिवस संपले म्हणून शेजारच्या शेंगेन देशात राहून गाडी वापरू, असाही मार्ग उरत नाही.

दुसरी पायरी: तिथला कायदा गाडी तुमच्या नावावर करू देतो का, ते पाहा

पैशांच्या हिशेबाआधी ही चौकशी करावी, कारण अनेकांचा प्रश्न इथेच निकालात निघतो. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाला गाडी नावावर करता येते का, याबाबत देशोदेशीचे नियम फार वेगवेगळे आहेत.

न्यूझीलंडमध्ये हे काम सोपे आहे. तिथे पर्यटकही गाडी विकत घेऊन नावावर करू शकतो, आणि काही महिने भटकंती करून परतताना ती विकणाऱ्या प्रवाशांचा तिथे चांगला जम बसलेला बाजार आहे. स्पेनमध्ये परदेशी नागरिकाला आधी ‘एनआयई’ हा ओळख क्रमांक काढावा लागतो आणि त्याबरोबर तिथल्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, त्यामुळे तिथे घर असणाऱ्याला किंवा दीर्घ मुदतीचा भाडेकरार असणाऱ्याला गाडी घेणे जमते, हॉटेलात उतरणाऱ्याला ते अवघड जाते. पोर्तुगालमध्ये ‘एनआयएफ’ हा कर क्रमांक लागतो. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी तिथला पत्ता हवा. जपानमध्ये बहुतेक भागांत गाडीच्या नोंदणीसाठी राहत्या जागेपासून २ किलोमीटरच्या आत पार्किंगची जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो, म्हणजे तिथे गाडीचा विचार पार्किंगपासूनच सुरू करावा लागतो. अमेरिकेत नोंदणी, कर आणि विम्याचे नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे एका राज्यात राहणाऱ्या नातेवाइकाने सांगितलेली माहिती दुसऱ्या राज्यात लागू पडेलच असे नाही.

नोंदणीइतकीच महत्त्वाची बाब विम्याची आहे. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये तृतीय पक्षाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, आणि तो नसताना गाडी रस्त्यावर आणणे गुन्हा आहे. न्यूझीलंडमध्ये तो सक्तीचा नाही, कारण अपघातात झालेल्या इजेची भरपाई १९७४ पासून तिथली सरकारी योजना देते. पण समोरच्या महागड्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च त्या योजनेत येत नाही, म्हणून तिथेही विमा घेणेच शहाणपणाचे. अडचण अशी की, गाडी नावावर झाली तरी परदेशी परवाना असलेल्या आणि देशात कायम न राहणाऱ्या माणसाला विमा देण्यास अनेक कंपन्या तयार नसतात, आणि ज्या तयार होतात त्या जास्त हप्ता मागतात. म्हणून गाडी पाहायला जाण्यापूर्वी दोन-तीन विमा कंपन्यांकडून किंवा दलालांकडून लेखी दर मागवून घ्या. आपल्या देशात अनेक वर्षे दावा न करता गाडी चालवली असेल, तर आपल्या देशातल्या विमा कंपनीकडून तसे पत्र इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत मागून घ्यावे. काही कंपन्या ते ग्राह्य धरून हप्ता कमी करतात.

परवान्याचा मुद्दा

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हा मूळ परवान्याचा मान्यताप्राप्त अनुवाद असतो. तो मूळ परवाना देणाऱ्या देशातूनच काढावा लागतो आणि मूळ परवान्यासोबतच चालतो. १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली मिळणारा असा परवाना एक वर्ष चालतो. १९६८ च्या व्हिएन्ना कराराखाली मिळणारा परवाना जास्तीत जास्त तीन वर्षे चालू शकतो. कोणता देश कोणता करार मानतो, हे पाहून घ्यावे. जपान फक्त १९४९ च्या करारातला परवाना स्वीकारतो. ब्रिटनमध्ये पाहुण्याला बाहेरच्या देशाच्या वैध परवान्यावर साधारण १२ महिने छोटी वाहने चालवता येतात. गाडी विकत घेतल्याने परवान्याचे हे नियम सैल होत नाहीत, आणि मुक्कामाचे स्वरूप ‘रहिवासी’ या व्याख्येकडे झुकू लागले तर स्थानिक परवाना काढण्याची वेळ येते.

तिसरी पायरी: भाड्याचा खरा आकडा काढा

संकेतस्थळावर दिसणारा दैनंदिन दर हा भाड्याचा खरा खर्च नसतो. त्यात विमानतळावरून गाडी घेण्याचे शुल्क, दुसरा चालक जोडण्याचे शुल्क, २५ वर्षांखालच्या चालकासाठीचा अधिभार, लहान मुलाची सीट आणि एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी सोडण्याचे शुल्क मिळवावे लागते. सगळ्यांत मोठा फरक विम्याने पडतो. बहुतेक करारांत अपघात झाल्यास ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान ग्राहकाने स्वतः भरायचे असते. तिला ‘एक्सेस’ किंवा ‘डिडक्टिबल’ म्हणतात. ती शून्यावर आणायची असेल तर काउंटरवर रोजच्या हिशेबाने जादा विमा विकला जातो आणि तो कधीकधी गाडीच्या भाड्याइतकाच पडतो. वरचेवर जाणाऱ्याने बाहेरच्या विमा कंपनीकडून वर्षभराची ‘एक्सेस’ विमा पॉलिसी घेतली, तर हा खर्च बराच कमी होतो. मात्र नुकसान झाले तर आधी भाड्याच्या कंपनीला पैसे द्यायचे आणि मग ते विमा कंपनीकडून परत मिळवायचे, अशी तिची पद्धत असते. क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारे संरक्षण असेल तर त्याची मुदत वाचा. काही कार्डांचे संरक्षण परदेशात सलग ३१ दिवसांपर्यंतच्या भाड्यापुरतेच असते, आणि लांब मुक्काम करणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. काच, टायर, गाडीचा तळ आणि छप्पर यांचे नुकसान अनेक करारांत वगळलेले असते, तेही पाहावे.

दर कमी करण्याचे मार्गही आहेत. पाच दिवसांपेक्षा पूर्ण आठवड्याचा दर अनेकदा स्वस्त पडतो आणि महिन्याचा दर त्याहून स्वस्त असतो. विमानतळाऐवजी शहरातल्या शाखेतून गाडी घेतल्यास फरक पडतो. बुकिंग लवकर करावे, पण विनाशुल्क रद्द करता येईल असेच करावे, म्हणजे पुढे दर उतरले तर नव्याने बुकिंग करता येते. टाकी भरलेली घेऊन भरलेलीच परत करायची, हीच इंधनाची सरळ अट आहे. आधीच भरलेल्या टाकीचे पैसे घेऊन उरलेल्या इंधनाचा परतावा न देणारे करार टाळावेत.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नये. दिवसाच्या उजेडात गाडीभोवती एक फेरी मारून सलग व्हिडिओ काढा, मग चारही चाकांच्या रिमच्या कडा, बंपरचे खालचे कोपरे, पुढची काच आणि बाजूचे आरसे यांचे जवळून फोटो घ्या. किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा एका फोटोत येऊ द्या. करारावर दाखवलेल्या ओरखड्यांशी हे ताडून पाहा, आणि काही सुटले असेल तर गाडी हलवण्याआधी ते लिहून घ्यायला लावा. परत करताना हीच फेरी पुन्हा करा. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि रिमच्या कडेवरून होणारे बहुतेक वाद त्याने मिटतात.

भाड्याच्या बाजूने एक धोका मात्र मान्य करायला हवा: दर आपल्या हातात नसतात. २०२० च्या महासाथीत प्रवास थांबला तेव्हा भाड्याच्या कंपन्यांनी आपल्या गाड्या मोठ्या संख्येने विकल्या. हर्ट्झसारख्या जुन्या कंपनीने त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. २०२१ मध्ये पर्यटक परतले तेव्हा गाड्याच नव्हत्या, आणि अनेक देशांत भाडी खूप वाढली. ज्यांची तिथे स्वतःची गाडी होती त्यांना त्या वर्षी तिचे मोल कळले. पण अशा अपवादात्मक वर्षावर कायमचा निर्णय बेतणे मला पटत नाही, कारण त्याच काळात वापरलेल्या गाड्यांच्या किमतीही चढल्या होत्या.

चौथी पायरी: मालकीचा खर्च ‘भाड्याच्या दिवसां’त मोजा

दोन देशांच्या चलनांत आणि बदलत्या विनिमय दरांत हिशेब करण्यापेक्षा एक सोपे माप वापरावे. तुम्ही जाता त्या हंगामात, सर्व शुल्क व विमा धरून, भाड्याच्या गाडीचा एका दिवसाचा सरासरी खर्च काढा. हा झाला ‘भाड्याचा एक दिवस’. आता मालकीचा प्रत्येक वार्षिक खर्च या मापाने भागा.

उदाहरण पाहू. समजा, वापरलेली गाडी घेऊन पाच वर्षांनी विकली, तर खरेदी आणि विक्रीच्या किमतीतला फरक भाड्याच्या १५० दिवसांइतका येतो. म्हणजे घसाऱ्याचे वर्षाला ३० दिवस झाले. विमा आणि वाहन कर मिळून २० दिवस. पार्किंगचे १५ दिवस. सर्व्हिसिंग, सक्तीची तपासणी, टायर आणि बॅटरी यांचे वर्षाला सरासरी १५ दिवस. गाडीत अडकलेल्या पैशावर मिळू शकले असते ते व्याज ५ दिवसांचे धरू. बेरीज ८५ दिवस होते. याचा अर्थ, पहिल्या पायरीत काढलेले गाडीचे दिवस वर्षाला ८५ पेक्षा कमी असतील, तर भाडे स्वस्त आहे. इंधन आणि टोल दोन्हीकडे सारखेच लागतात, म्हणून ते या हिशेबात धरायचे नाहीत.

हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील. घरालाच गॅरेज असेल तर पार्किंगचे १५ दिवस गळतात. जुनी, कमी किमतीची गाडी घेतली तर घसारा पुष्कळ कमी होतो, पण दुरुस्तीचा आकडा वाढतो. नवी कोरी गाडी घेतली तर पहिल्या वर्षातच किमतीचा सगळ्यांत मोठा तुकडा जातो, आणि वर्षाला थोडेच दिवस चालणाऱ्या गाडीसाठी तो सोसणे मला तरी समर्थनीय वाटत नाही. भाड्याच्या दिवसाचा दर हंगामानुसार बदलतो, हेही ध्यानात ठेवा. ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्याचा ‘एक दिवस’ महाग असतो, त्यामुळे त्याच्यासाठी मालकीची बेरीज लवकर जुळते. ऐन हंगाम टाळून जाणाऱ्याला मात्र भाडेच परवडते.

माझा अनुभव असा की, वर्षाला दीड-दोन महिन्यांहून कमी गाडी वापरणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा कल या हिशेबानंतर भाड्याकडे झुकतो, आणि चार-पाच महिने वापरणाऱ्यांचा खरेदीकडे. मधल्या पट्ट्यात मात्र पैशांपेक्षा पुढची पायरी महत्त्वाची ठरते.

पाचवी पायरी: उभ्या गाडीचे काय होते, हे समजून घ्या

गाडी वापरली नाही तर ती टिकते, हा समज चुकीचा आहे. उभी गाडी वेगळ्या रीतीने झिजते.

सुरुवात बॅटरीपासून होते. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, कुलपाची यंत्रणा आणि संगणक थोडी वीज खातच राहतात. ही गळती ३० मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला सुमारे ०.७२ अँपिअर-तास वीज जाते. ६० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी अशा गाडीत साधारण चाळीस दिवसांत निम्मी रिकामी होते, आणि तीन महिन्यांत गाडी सुरू होण्याची आशा उरत नाही. त्यातही शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण रिकामी होऊन तशीच पडून राहिली, तर ती कायमची निकामी होते. उपाय दोन आहेत: जाताना बॅटरीची ऋण तार काढून ठेवणे, किंवा गॅरेजमध्ये विजेची सोय असेल तर चार्ज कायम राखणारा छोटा चार्जर जोडून ठेवणे. तार काढल्यावर काही गाड्यांत रेडिओचा कोड पुन्हा द्यावा लागतो आणि खिडक्यांची यंत्रणा नव्याने जुळवावी लागते, म्हणून मालकाची पुस्तिका आधी वाचावी. विजेवरच्या गाडीतही ही १२ व्होल्टची छोटी बॅटरी बहुतेक वेळा असतेच आणि तीही अशीच बसू शकते. तिची मोठी बॅटरी मात्र पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये. निम्म्याच्या आसपास ठेवणे योग्य.

टायर एकाच जागी दाबले जाऊन थोडे चपटे होतात, म्हणून जाताना हवा शिफारशीपेक्षा किंचित जास्त भरून ठेवावी आणि परतल्यावर ती कमी करायला विसरू नये. त्याशिवाय टायर न फिरताही जुने होतात. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला आहे. नक्षी खोल दिसली तरी रबर कडक होऊन बाजूंना बारीक भेगा पडलेल्या असतील, तर तो टायर बदलायलाच हवा. ब्रेकच्या डिस्कवर दमट हवेत गंज चढतो. हलका गंज पहिल्या काही ब्रेकांत निघून जातो, पण समुद्रकाठी महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत तो खोलवर जातो. हँडब्रेक लावून ठेवल्यास तो चिकटून बसू शकतो, म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत. इंजिन ऑइल वर्षाला आणि ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते, ते किलोमीटर न वाढताही. टायमिंग बेल्टलाही किलोमीटरबरोबर वयाची मर्यादा असते. उंदरांनी तारा कुरतडणे हा तर गॅरेजमध्ये उभ्या गाड्यांचा नेहमीचा त्रास आहे.

या सगळ्याचा अर्थ असा, की तिथे एक विश्वासू माणूस हवा. शेजारी असो, नातेवाईक असो वा पैसे घेऊन देखरेख करणारे गॅरेज असो, महिन्यातून एकदा गाडी सुरू करून निदान वीस-पंचवीस मिनिटे चालवणारे कोणी असेल तर वरच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. नुसते जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालवून उपयोग होत नाही, उलट त्याने नुकसानच होते, कारण इंजिन नीट तापत नाही आणि बॅटरीत गेलेल्या विजेपेक्षा सुरू करतानाच जास्त खर्च होते. त्या माणसाचे नाव विम्यात चालक म्हणून नोंदलेले असावे, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार आहे हे विमा कंपनीला आधीच लेखी कळवलेले असावे. असा माणूस नसेल, तर आकडे काहीही सांगोत, मी खरेदीचा सल्ला देणार नाही.

कायद्याची उभ्या गाडीकडूनही मागणी असते. स्पेनमध्ये खासगी गाडीची पहिली तपासणी चार वर्षांनी, मग दहा वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावी लागते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर ती दरवर्षी असते, जपानमध्ये पहिली तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी. तपासणीची तारीख तुमच्या गैरहजेरीत येऊ नये, म्हणून मुक्कामाच्या महिन्यातच ती करून घेण्याची सवय लावावी. काही देश उभ्या गाडीला सवलतही देतात. ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावर नसल्याचे जाहीर केले तर त्या काळात कर आणि विमा लागत नाही, मात्र ती सार्वजनिक रस्त्यावर उभी करता येत नाही. जर्मनीत २ ते ११ महिन्यांसाठीची हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटवरच कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, हे छापलेले असते आणि कर व विमा तेवढ्याच महिन्यांचा भरावा लागतो. दरवर्षी ठरावीक महिन्यांतच जाणाऱ्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. दोन्हीकडे खासगी जागा मात्र हवीच.

मधले मार्ग

विकत घेणे आणि रोजच्या दराने भाड्याने घेणे, एवढे दोनच पर्याय नाहीत. फ्रान्समध्ये युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या पर्यटकांसाठी एक जुनी योजना आहे: उत्पादक कंपनीकडून कोरी गाडी तात्पुरती तुमच्या नावावर होते, लाल नंबरप्लेट लागते आणि मुदत संपली की कंपनी ती परत घेते. साधारण तीन आठवड्यांपासून पाच-सहा महिन्यांपर्यंत ती मिळते. विम्यात ‘एक्सेस’ नसतो आणि किलोमीटरची मर्यादाही नसते. दोन-तीन महिने सलग राहणाऱ्याने भाड्याच्या आकड्याशेजारी हिचाही आकडा मांडून पाहावा. याशिवाय अनेक देशांत महिन्याच्या हप्त्यावर विमा व देखभालीसह गाडी देणाऱ्या योजना आहेत, पण त्यांतल्या काही स्थानिक रहिवाशांपुरत्या असतात. मुक्कामाच्या गावात तासाच्या हिशेबाने मिळणाऱ्या सामायिक गाड्या असतील, तर आठवड्यातून दोनदा गाडी लागणाऱ्याला त्याच पुरतात. शेजारच्या देशातून आपलीच गाडी चालवत नेता येत असेल, तर तोही मार्ग पाहावा. युरोपीय संघात एका सदस्य देशात नोंदलेली गाडी दुसऱ्या सदस्य देशात सहा महिन्यांपेक्षा कमी काळासाठी नेली, तर साधारणपणे तिथे नव्याने नोंदवावी लागत नाही.

सहावी पायरी: खरेदी ठरली तर

तिथल्या रस्त्यांवर सगळ्यांत जास्त दिसणारे, कोणत्याही गावच्या मेकॅनिकला ओळखीचे असलेले मॉडेल निवडावे. आपल्याला आवडणारे पण तिथे दुर्मीळ असलेले मॉडेल घेतल्यास एका सुट्या भागासाठी सगळी सुट्टी जाते. लहान अंतरे चालणार असतील तर आधुनिक डिझेल गाडी टाळावी, कारण तिच्या धुराच्या गाळणीला स्वच्छ होण्यासाठी अधूनमधून लांब पल्ल्याची धाव लागते. मोठ्या शहरांत जाणे-येणे असेल तर प्रदूषणाचे नियम आधी तपासा: जर्मनीतल्या पर्यावरण क्षेत्रांत हिरवे स्टिकर लागते, लंडनमध्ये ठरावीक मानकाखालच्या जुन्या गाड्यांना रोजचे शुल्क पडते. जुनी डिझेल गाडी स्वस्तात मिळते त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

गाडीवर कर्ज, दंड किंवा जप्तीचा बोजा आहे का, ते अधिकृत नोंदीतून पाहावे. फ्रान्समध्ये विकणाऱ्याने तसा बोजा नसल्याचा प्रशासकीय दाखला द्यायचा असतो आणि तो १५ दिवसांपेक्षा जुना चालत नाही; चार वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी सहा महिन्यांच्या आतला तपासणी अहवालही लागतो. स्पेनमध्ये वाहतूक खात्याकडून गाडीचा इतिहास मागवता येतो. भाषा येत नसेल, तर या कामासाठी पैसे देऊन स्थानिक माणूस नेमावा. करारावर सही करण्याआधी त्रयस्थ मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तळाची पाहणी करून घ्यावी, विशेषतः जिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात अशा भागातली गाडी असेल तर. पहिल्या मुक्कामातच खरेदी करू नये. निदान एक मुक्काम भाड्याच्या गाडीवर काढून रस्ते, पार्किंग आणि अंतरे यांचा अंदाज घ्यावा.

गाडी नावावर झाली, की सरकारी पत्रे तिथल्या पत्त्यावर येऊ लागतात. दंडाची नोटीस, कराची मागणी, उत्पादकाने सदोष भाग बदलून देण्यासाठी पाठवलेले पत्र, हे सगळे तुम्ही नसताना पेटीत पडते. वेळेत न भरलेला दंड अनेक देशांत वाढत जातो. म्हणून पत्रे उघडून फोटो पाठवणारे कोणी असावे, किंवा जिथे ऑनलाइन खात्याची सोय आहे तिथे ते खाते पहिल्याच आठवड्यात उघडावे.

विक्रीची तयारी खरेदीच्या दिवशीच

तब्येत, व्हिसा किंवा घरची जबाबदारी यांमुळे जाणे अचानक थांबते, आणि गाडी तिथे अडकते. तुमच्या गैरहजेरीत ती कोण विकणार, याची व्यवस्था आधीच करून ठेवावी. त्या देशात चालेल असे, फक्त त्या गाडीपुरते मर्यादित मुखत्यारपत्र विश्वासू माणसाच्या नावे करून घ्यावे, आणि नोंदणीचे मूळ कागद, सर्व्हिसिंगच्या पावत्या व दुसरी चावी त्याला सापडतील अशा एका पाकिटात ठेवावीत. नियमित पावत्या असलेल्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळते आणि किंमतही बरी येते. विकण्यासाठी मुक्कामाचा शेवटचा आठवडा निवडला तर मिळेल ती किंमत घ्यावी लागते, म्हणून मुक्कामाला पोहोचताच जाहिरात द्यावी आणि गाडी गेल्यावरचे दिवस भाड्याच्या गाडीवर काढण्याची तयारी ठेवावी. पैसे खात्यात जमा झाल्याची खात्री होईपर्यंत चावी देऊ नये. विक्रीची सूचना नोंदणी कार्यालयाला स्वतः द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. नोंदीत तुमचे नाव राहिले तर पुढच्या मालकाने केलेल्या नियमभंगाची नोटीस तुमच्याच नावे निघते. ही पोच हाती आल्यानंतरच विमा बंद करावा, आणि उरलेल्या महिन्यांचा हप्ता किंवा कर परत मिळत असेल तर त्याचा अर्ज त्याच मुक्कामात भरून टाकावा.